मोरपंखी

पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या डाइंग मिलमध्ये शेठनं मशीनं थांबवून टीव्ही लावला. परदेशातल्या विमानांच्या प्रदर्शनात एक कंपनी आपली नवी प्रवासी विमानं दाखवत होती. त्यांच्या सीटांचं मोरपंखी कापड इथलं होतं. अंजनाबाईलाही मुद्दाम बोलावलेलं, कारण ते तिच्या नवऱ्यानं, भिवानं रंगवलं होतं. त्याच कामात मशीनचं झाकण उडून भिवा गेला. शेवटची अंघोळ घालताना तिनं त्याच्या नखांवर लिंबू घासलं, तरी मोरपंखी रंग हटेना. शेजारीण म्हणालेली, "राहू दे माय, आता कोण बघतंय?" पडद्यावर विमानाचं दार उघडलं. मोरपंखी सीटांच्या रांगा दिसल्या. "जुओ, आपणो माल!" बघा, आपला माल, असं शेठ गुजरातीत ओरडला. टाळ्या वाजल्या. एक गोरी बाई हसत खिडकीजवळच्या सीटवर टेकू लागली. अंजनाबाई उठली, टीव्हीच्या काचेवर हात ठेवून म्हणाली, "बसू नको बाई, रंग लागंल. मग निघत नाही."