नऊ हजारांची सायकल

"नऊ हजार? अहो दादा, नवीकोरी सहा हजारांत मिळते!"

सुरेखाचा आवाज चढला. देवळाली प्रवरातल्या एका शिलाई दुकानात ती कामाला होती. घर ते दुकान ही रोजची तंगडतोड गुडघ्यांना झेपेना, म्हणून जुनी सायकल शोधत होती. पण आठवड्याभरात तिला माणसांचाच वीट आला. एकाने गंजून सांगाडा झालेल्या सायकलीला 'अँटिक' म्हणत सात हजार सांगितले. एका बाईने फाटक्या सीटवर ओढणी टाकून 'दोनदाच फिरवलीय' अशी शपथ घेतली. आणि आज राहुरीजवळच्या वस्तीवरचा हा आदिनाथ. तोंडात तंबाखू आणि तोंडाला येईल तो भाव.

"भाव माझा न्हाई, पोरीचा हाय," आदिनाथ पिंक टाकून म्हणाला. "मोबाईलवर जाहिरात तिनंच टाकली. म्हनली, आजकाल एवढ्यालाच जात्यात. कालपासनं तिघं परत गेले."

पोरगी, आरती, सायकलीला खेटून उभी होती. अकरावीतली असेल. एवढ्याशा वयात लोकांना लुटायची अक्कल आली हिला! सुरेखाने नाक मुरडलं, चपला पायात सरकवल्या आणि निघाली.

"थांबा ताई. चार द्या अन् घिऊन जा," आदिनाथ मागून म्हणाला. "मला पैशाचं काय पडलं न्हाई. हिचं कॉलेज बंद करायचंय. स्थळं याया लागलीत. नको म्हनलं की रडत बसती. सायकलच गेली की राहील गपगार घरात."

चार हजार. सुरेखाने पर्स उघडली. तेवढे होते. घरी सायकलवरूनच जाता आलं असतं.

"आप्पा, नवाच्या खाली द्यायची न्हाई," आरती म्हणाली. तिने सायकलीचं हँडल दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

सुरेखाने तिच्याकडे पाहिलं. मग बापाकडे. आठवडाभर साठलेली शिसारी पुन्हा उफाळून आली, पण आता ती भावाची नव्हती.

तिने उघडलेली पर्स पुन्हा बंद केली.

"चार कसले घेताय दादा? तुमाला पाडून मागायचं म्हणून मघाशी ओरडले मी. सगळा बाजार फिरलेय. पोरीचं बरोबर हाय." ती वळली. "उलट दहा सांगा."