उजवा अंगठा

अर्धांगवायूनं मुकुंदवाडीतल्या सोमनाथचा उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टरांनी व्यायाम म्हणून कॉम्प्युटरवर गाड्यांचा गेम खेळायला सांगितला. हळूहळू अंगठा हलू लागला, गाडी वळू लागली. बायकोनं, मंजुषानं, गेम आणखी पळावा म्हणून शहागंजातल्या दुकानातून कॉम्प्युटरला नवी रॅम, म्हणजे वेग वाढवणारी पट्टी, बसवून आणली. तेव्हापासून गाडी उशिरा वळून कठड्यावर आदळू लागली. “अंगठा पुन्हा गेला गं,” म्हणत त्यानं गेमचा रिमोट टाकला, व्यायामही सोडला. शेवटी मंजुषानं स्वतः रिमोट धरला. तिचीही गाडी आदळली. “अहो, अंगठा नाय, कॉम्प्युटरच अडखळतोय!” तिनं फोन लावला तर शहागंजचा दुकानदार म्हणाला, “भाभी, जुन्या रॅमशी नवी जुळंना. जुनी काढा, तिच्या जागी नवी जोरात दाबा.” जुनी काढून ती नवी दाबायला गेली, तर सोमनाथनं थांबवलं. त्यानं उजवा अंगठा टेकवून जोर लावला. खट्कन रॅम बसली. त्या अंगठ्याकडे बघताना गेम सुरू करायचं मंजुषाला सुचलंच नाही.