बारकी गोळी

धनाजीनं नवी रायफल दाखवायला आणली. फौजेतून रिटायर झालेल्या लालासाहेबांनी तिची गोळी बोटांत धरून बघितली आणि परत दिली.

"ससा मार हिनं. गव्याच्या नादाला लागू नगंस."

"आवं तात्या, वेग बघा की हिचा! पापणी लवायच्या आत गवा आडवा."

"वेगाला काय चाटायचंय? बारकी गोळी खांद्याच्या हाडावरच फुटती. जनावर मरत न्हाई, उसात दडून बसतं. मग जो पयला आत शिरंल, त्याचं काय खरं न्हाई."

"तुमची फौज जुनी झाली, तात्या," धनाजी हसला.

पुढच्याच आठवड्यात लालासाहेबांच्या उसाचा पाला काढायचा होता. दोन्ही घरांचा पैरा. एकमेकांच्या रानात राबायचं, आणि उसात सगळ्यात आधी शिरायचा तो धनाजीच. त्या सकाळी मात्र त्याचा फोन आला, "अंगात लय ताप हाय. तुमी व्हा म्होरं."

लालासाहेब बांधावर विळ्याला धार लावत होते, तोवर त्यांची बायको मनुबाई उसात शिरली. आत बसलेल्या गव्यानं तिला बाहेर येऊच दिलं नाही.

संध्याकाळपर्यंत गवाही मेला. वनखात्याच्या डॉक्टरांना त्याच्या खांद्यात गोळीचे बारीक तुकडे सापडले.

मनुबाईला सावडून माणसं घरी आली, तेव्हा धनाजीनं लालासाहेबांचे पाय धरले. "चुकलं, तात्या. तुमचं ऐकाय पायजे हुतं."

लालासाहेबांनी पाय मागं घेतले.

"ऐकलंस की रं. सगळं ऐकलंस. म्हणून तर त्या सकाळी तुला ताप आला."