टोळीचा भाव

कासाबाईची टोळी सकाळपासून राजेश्रीच्या बांधावर बसून होती. वेचलेला कापूस टाकायच्या ओट्या मांडीवर घडी घालून ठेवलेल्या आणि गप्पा लेकीबाळींच्या. जणू या बायका कापूस वेचायला नाही, लग्नाला आल्या होत्या. घोडं अडलं होतं किलोमागच्या दोन रुपयांवर. या शिवारात वेचणीचा भाव एकटीचा नसतो, टोळीचा असतो, आणि तो ठरेपर्यंत कुणी ओटी कमरेला बांधत नाही.

राजेश्रीला हे माहीत नव्हतं असं नाही. पण आभाळ भरून आलं होतं आणि सगळं रान पांढरंशुभ्र फुटलेलं. एक सर आली असती तरी कापूस भिजून पिवळा पडला असता. तिचा जीव खालीवर होत होता.

शेती सांभाळून राजेश्री टीव्हीवरच्या एका मालिकेचं लिहायची. मालिका परभणीकडची, म्हणून मुंबईवाल्यांनी तिघं इकडचेच धरले होते: झरीचा बालाजी, परभणीचे योगीराज सर आणि ही. कागदावर तिघं ‘बोली तपासनीस’, लिहायचे मात्र अख्खे भाग. कालच तिघांनी कळवलं होतं की लेखकाचा दर द्या आणि पडद्यावर नाव द्या, त्याशिवाय पुढचा भाग नाही. काल मुंबईला असं ठणकावणारी बाई आज स्वतःच्या बांधावर दोन रुपयांसाठी घासाघीस करत होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

शेवटी तिनं सुकेशनीला खुणेनं लिंबाखाली बोलावलं. सुकेशनी टोळीत नवीन होती, पण हात सगळ्यात चलाख.

“तू सुरू कर बाई. तुला एकटीला वाढवून देते, कुनाला सांगू नको. तू रानात शिरलीस की बाकीच्या येतीलच मागं.”

सुकेशनी रागावली नाही. तिनं पदरानं मान पुसली.

“वैनी, आजचं भागंल माझं. पन उद्या मी कोनासंगं जाऊ?”

एवढं बोलून ती परत बायकांत जाऊन बसली. राजेश्री ओशाळून लिंबाखाली उभी असतानाच तिचा फोन वाजला.

फोन मुंबईच्या मॅडमचा होता. मालिकेचं सगळं लेखन त्यांच्या हाताखालून जायचं. आवाज साखरेत घोळवलेला. त्या म्हणाल्या की बालाजी आणि सर उगाच ताणतायत, त्यांना आता थांबवणार आहोत. राजेश्रीनं एकटीनंच लिहावं. तिचा दर वाढेल आणि पडद्यावर नाव येईल, फक्त तिचंच. तूर्त ही गोष्ट दोघींतच राहू द्यावी आणि पहिला प्रसंग तासाभरात पाठवावा, कारण दुपारी चित्रीकरण होतं.

खोटं कशाला बोला, राजेश्रीच्या तोंडाला पाणी सुटलं. ते नाव तिनं मनातल्या मनात कितीदा पडद्यावर वाचलं होतं. तिच्या सासूबाई कमलबाई रोज मालिका बघताना विचारायच्या, “यात तुझं काय हाय गं?” आणि बोट ठेवून दाखवावं असं तिथं काही नसायचं. आता दाखवता आलं असतं. प्रसंगाचं पहिलं वाक्यसुद्धा तिला सुचलं.

पण मॅडमचं बोलणं तिला ओळखीचं वाटत होतं. ते कुठं ऐकलं ते आठवलं आणि तिचे कान तापले. तसंच्या तसं ती स्वतःच बोलली होती, आत्ता, याच लिंबाखाली.

“मॅडम, आजचं भागेल माझं,” ती म्हणाली. “पण उद्या मी कोणासंगं लिहू?”

मॅडमना काही कळलं नाही, तेव्हा तिनं उलगडून सांगितलं.

“तिघांचं एकदम ठरवा. तोवर आमच्यातलं कुणी लिहायचं नाही.”

तिनं फोन ठेवला. हातातोंडाशी आलेला घास तिनं आपल्याच हातानं परत ताटात टाकला होता. तसं ताट पुन्हा पुढं येईल याची खात्री नव्हती, आणि बालाजी न् सर काय करतील याचीही नव्हती. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मग ती कासाबाईपाशी गेली आणि म्हणाली, मावशी, तुमचा भाव मान्य.

कासाबाईनं ओटी झटकली. “अन् मगाशी लिंबाखाली सुकेशनीला काय सांगायलता?”

“चुकलं माझं.”

“चुकू द्या. आभाळ बघा. तुमी बी एक पात धरा.”

बायका खदखदून हसल्या आणि ओट्या बांधून रानात उतरल्या. राजेश्रीनंही एक ओटी मागून घेतली आणि सुकेशनीच्या शेजारच्या ओळीत शिरली.

निम्मी ओळ झाली असेल, तेवढ्यात बालाजीचा फोन आला. मॅडमनी त्यालाही तेच गाजर दाखवलं होतं. राजेश्री ऐकत नाही, तुम्ही तरी लिहा, असं म्हणून.

“खरं सांगू का ताई? मी हो म्हणनार होतो,” तो म्हणाला. “पन तू न्हाई म्हणलीस हे त्यांच्याच तोंडून कळलं, तवा मी बी न्हाई म्हणलो. आता मॅडम सरांना फोन लावायलेत.”

राजेश्री वेचत राहिली. आभाळ तसंच होतं, पण पाऊस पडत नव्हता. ओटी फुगून पोटावर आली तेव्हा पुन्हा मुंबईचा नंबर दिसला. तिनं फोन उचलला, तर आतून बालाजीचं खोकणं ऐकू आलं आणि पाठोपाठ सरांचं घसा खाकरणं. आजवर मॅडम तिघांशी कधी एका फोनवर बोलल्या नव्हत्या.

“हॅलो,” मॅडम म्हणाल्या. आवाजातली साखर गेली होती, घाई तेवढी उरली होती. “इथं सगळं युनिट थांबलंय. तुमच्यातल्या नेमकं कोणाशी बोलू मी?”

झरीहून, परभणीहून आणि कापसाच्या ओळीतून उत्तर एकदमच गेलं.

“आमच्याशी.”