ओडिलाँची जागा

ओडिलाँची होडी वळणावर दिसली तेव्हा क्लोव्हिसची पेटी अर्धी भरली होती. मासे लांबूनच दिसावेत म्हणून त्याने झाकण मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

"ही जागा माझी आहे," ओडिलाँ म्हणाला.

"तुझ्या बापाने खणला का हा कालवा? तेल कंपनीने खणला आणि टाकून दिला."

थंडीत ट्राउट मासा खोल पाण्यात उतरतो आणि सुस्तावतो, मग भल्याभल्यांना सापडत नाही. ओडिलाँला मात्र सापडायचा. कुठे, ते तो सांगत नसे. उत्तरेचा वारा सुटला की बाकीचे गंबोच्या, त्या गरमागरम रश्श्याच्या पातेल्याभोवती बसत, आणि याचा ट्रक हटकून धक्क्यावर उभा असे. लोक त्याला हावरट म्हणत.

गेल्या आठवड्यात धुक्यात क्लोव्हिसने त्याच्या इंजिनाच्या आवाजाचा माग काढला होता. या दलदलीत बायको पळवणाऱ्याला एक वेळ माफी मिळेल, मासळीची जागा पळवणाऱ्याला नाही. क्लोव्हिसला नेमकं तेच हवं होतं.

कारण ओडिलाँनेच त्याला आयुष्यातून उठवलं होतं. ओडिलाँचा भाऊ अल्सीद एका हिवाळ्यात होडीसकट नाहीसा झाला. होडी कसली, ध्यान होतं ते. चर्चच्या दारांचा उरलेला हिरवा रंग त्याने तिला वरपासून खालपर्यंत फासला होता. माणूस सापडला नाही, होडीही नाही. आदल्या दिवशी खेकड्यांच्या सापळ्यांवरून अल्सीद आणि क्लोव्हिसची जुंपली होती. ओडिलाँ चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून रडला आणि म्हणाला, "ह्या क्लोव्हिसने मारलं माझ्या भावाला."

पुरावा नव्हता, खटला झाला नाही. पण क्लोव्हिसचे खेकडे कुणी घेईना. लग्नात फिडल वाजवायला दुसऱ्याला बोलावू लागले. अल्सीदची बायको व्हर्ली क्लोव्हिसची लहानपणची मैत्रीण, ती त्याला पाहून पडदा ओढून घ्यायची. ते त्याला सर्वांत जास्त लागायचं.

"पाणी उतरतंय," ओडिलाँ म्हणाला. "हा वारा सगळं पाणी समुद्रात लोटणार आज. चिखलात अडकशील आणि गारठून मरशील."

"माझ्या मरणाची काळजी तुला कधीपासून?"

क्लोव्हिसने गळ टाकला आणि तळावरून हळूहळू ओढू लागला. गळ कशात तरी अडकला. हिसका दिला तर दोरी तुटली.

"काय आहे रे खाली?"

"पाइप. कंपनीचा जुना पाइप."

"मी इथे सापळे लावायचो तेव्हा नव्हता."

ओडिलाँचा आवाज एकदम मऊ झाला. "क्लोव्हिस, ऐक. झालं ते झालं. रविवारी सगळ्यांसमोर सांगतो, माझी चूक झाली म्हणून. व्हर्लीलाही सांगतो. चल आता, निघू."

याच एका वाक्यासाठी क्लोव्हिस रात्र रात्र जागला होता. उठावं, इंजिन सुरू करावं, संपवावं हे सगळं, असं त्याला वाटलं. पण ओडिलाँचा गयावया करणारा चेहरा पाहिला आणि आतला जुना राग पुन्हा तोंडाशी आला. इतक्या स्वस्तात याला सोडायचं नाही.

"रविवारी सांगशीलच. आज मी तुझे मासे संपवणार."

"अरे, निघ म्हणतो ना."

"नाही निघत. काय करशील?"

ओडिलाँने क्लोव्हिसच्या नांगराची दोरी सोडायला आपली होडी पुढे घातली, ती तळ घासून चिखलात बसली. क्लोव्हिसची केव्हाच बसली होती. आता पाणी परत येईपर्यंत कुणालाच हलता येणार नव्हतं.

क्लोव्हिस पोटभर हसला. कितीतरी दिवसांनी असा हसला. मग डब्यातलं सॉसेज काढून चवीने खाऊ लागला. ओडिलाँ पाठ फिरवून बसला होता.

गवताची मुळं उघडी पडली. पाणी उतरत राहिलं, आणि कालव्याच्या मध्यावर चिखलाने माखलेला एक कोपरा वर आला.

"हा बघ तुझा पाइप," क्लोव्हिस म्हणाला.

ओडिलाँने मान वळवली नाही.

पण पाइपाला कोपरा नसतो. क्लोव्हिसने सॉसेज खाली ठेवलं, वल्हं लांब केलं आणि त्यावरचा चिखल खरवडला.

खाली चर्चच्या दारांचा हिरवा रंग होता.