नऊ हिरवे डबे

"ती पिशवी बाहेरच ठेव," वॉचमननं जावयाला दारातच अडवलं. "तुझा बाजार माझ्या घरात नको."

जावई हातगाडीवर भाजी विकायचा. बायकोसाठी कोवळी भेंडी निवडून आणली होती बिचाऱ्यानं. मुकाट्यानं चपलांशेजारी ठेवली.

"बाबा, काय हो हे!" पोरगी आतून म्हणाली.

"तू गप. फवारलेलं विष आहे ते. दोनदा पोळलोय, आता तिसऱ्यांदा नाही."

लग्नाला तीन वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात सगळं संपलं. डॉक्टरीणबाईंना कारण सापडलं नाही. वॉचमनला सापडलं होतं. जावयाची गाडी! म्हणून या खेपेला कळल्याबरोबर तो पोरीला घरीच घेऊन आला. आता चौथा महिना चालू होता. घरात माणसं शिंकतानाही विचार करत होती.

"बाबा, माझ्या गाडीवरचं ती कधी खायचीच नाही," जावई हळूच म्हणाला. "तुम्ही एक दिवसाआड गॅलरीतल्या भाजीची पिशवी पाठवायचात. तेच खायची."

"म्हणून तर चौथ्या महिन्यापर्यंत तरी टिकलं!"

जावयानं पिशवी पायानं आणखी बाहेर सरकवली.

गॅलरी एवढीशी, की दोघं उभे राहिले तर तिसऱ्यानं आतच थांबावं. तिच्यात पत्र्याचे नऊ हिरवे डबे. टोमॅटो, वांगी, मिरच्या, पालक. वॉचमन काही माळी नव्हता. तीस वर्षं एका गोदामाच्या गेटवर स्टूल टाकून बसला. ट्रक यायचे, जायचे. आत काय आहे ते त्यानं कधी विचारलं नाही, आपलं काम गेटचं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी स्टोअरकीपरनं हे डबे दिले. "रिकामा डबा ठेचूनच फेकायचा, असा इथला नियम. तुझ्यासाठी वाचवले. रंगवूनसुद्धा दिलेत बघ." असा दिलदार माणूस! झाडांना पाणी घालताना वॉचमनला त्याची हटकून आठवण यायची.

शेजारच्या गॅलरीतून शिंपीणबाई डोकावल्या. "माझ्या मिरच्यांना मावा, टोमॅटोला अळी. तुमच्या डब्यांवर मुंगीसुद्धा चढत नाही! फवारता तरी काय?"

"थेंबसुद्धा नाही. हाताला गुण असावा लागतो."

"मग तो हात दोन दिवस उसना द्या की!"

वॉचमन हसला. आज त्याला हसू येत होतं. सकाळीच डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले होते. घोडा दौडावा तसे. ते ऐकून पोरगी रडली होती आणि लगेच तिनं फर्मान काढलं होतं, बाळ यायच्या आत डबे पिवळे करा, हिरवा रंग उदास दिसतो.

दारात जावई अजून उभाच होता. वॉचमनला त्याची कीव आली.

"आता काय पाटावर बसवू का? ये आत. हा डबा धर, पालक संपलाय यातला. जुना रंग खरवडू."

जावयाचा चेहरा उजळला. तो गॅलरीत उकिडवा बसला.

वॉचमननं आधी दोन टोमॅटो तोडले, लालबुंद, डागसुद्धा नाही. पोरीच्या हातात दिले. "धुतलेत. खा बिनधास्त."

मग त्यानं सुरी घेतली. उन्हानं रंग फुगलाच होता. एक मोठा पापुद्रा सुटला, त्याखाली लाल चौकोन दिसला. जावई डबा घट्ट धरून खाली बघत राहिला. वॉचमननं अंगठ्यानं उरलेला रंग ढकलला.

चौकोनात माणसाची कवटी होती. खाली दोन हाडं, एकमेकांवर आडवी.

"बाबा," पोरगी आतून म्हणाली, तोंड भरलेलं, "अजून एक तोडा ना!"