चारमिनारचं तिकीट

"हे भोक कुनी पाडलं?" इब्राहीमचाचांनी विचारलं.

"माझ्या आजीच्या वहिनीनं. मिराबाईनं," पुजा म्हणाली. "सगळ्या तांड्याला ठावं हाय."

पोस्टकार्ड एकोणपन्नास सालचं; निजाम गेला होता, पण तिकिटं अजून त्याचीच चालायची. पुजाची आजी धुरपताबाई तेव्हा तेरा वर्षांची. तिचा मधला भाऊ किसनसिंग वावराच्या वाटणीवरून भांडून घरातून निघून गेला होता. वर्षभराने त्याचं हे कार्ड आलं, कुणाकडून तरी उर्दूत लिहवून घेतलेलं. घरात एकटी मिराबाई होती, तिनेच ते घेतलं. संध्याकाळी बाकीची माणसं शेतातून आली, तेव्हा तिकिटाच्या जागी चौकोनी भोक. आणि उलट्या बाजूला, नेमकं त्याच जागी, गावाचं नाव! दीर परत आला असता तर वावराचे तीन हिस्से झाले असते. मग कापलं कुणी, हे सांगायला वकील कशाला पाहिजे?

"आजीचा आता भरोसा न्हाई, चाचा. रोज एकच धोशा. माझ्या भावाचं गाव शोधा, त्याची लेकरं तरी बघू द्या. शिक्का अर्धा उरलाय बघा. त्याच्यावरून डाकखाना कळंल का?"

कळमनुरीत येऊन हे दुसऱ्या कुणाला विचारण्यात अर्थ नव्हता. निजामाचं राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण इब्राहीमचाचांच्या तिकिटांच्या अकरा वह्यांमध्ये ते अजून शाबूत होतं. त्यांचे अब्बा त्या राज्याच्या डाकखान्याचं टपाल आसपासच्या तांड्यांवर वाटायचे, तेव्हापासूनचा हा नाद. आता वय पंच्याऐंशी, तरी तिकिटं दाखवायला माणसं नांदेडहून, पार हैदराबादहून यायची.

चाचांनी कार्ड उजेडात धरलं. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"चारमिनारवालं होतं," ते हळूच म्हणाले. "तपकिरी."

पुजा बघतच राहिली. नुसत्या भोकावरून! उगाच नाही लोक एवढ्या लांबून येत. तिच्या जिवात जीव आला.

"मग गाव बी सांगा की!"

"शिक्क्याची दोनच अक्षरं उरलीत, बेटा. न्हाई सांगता येनार."

म्हणाले खरे, पण कार्ड परत देईनात. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. उठून खिडकी लावली, लगेच उघडली. सून अफशीनने आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. पुजाचा पाय खाली हलतच होता. दोनची गाडी गेली तर पुढची पाचला. मोबाइलवर आजीचे चार कॉल येऊन गेलेले, आणि उचलून सांगायचं तरी काय?

"मागचं वाचून तरी दाखवता?"

चाचांनी कार्ड उलटलं. एकेक शब्द थांबून वाचू लागले.

"'मी इथं अमुक गावी सुखरूप हाय.' नाव गेलंय. 'माझं चुकलं. मला वाटनी नको. एक कार्ड टाका, मी लगेच येतो. न्हाई आलं तर समजंन, घराला मी मेलो.'"

पुजाला हुंदका आला. आजीला हा मजकूर तोंडपाठ होता, तिनेही शंभरदा ऐकलेला, तरीही.

"मिराबाई हाय का आता?" चाचांनी एकदम विचारलं.

"गेली की. बारा वर्षं झाली. लेकराच्या डोक्यावर हात ठिवून शपथा घ्यायची, मी न्हाई कापलं म्हणून. कोन ऐकतंय? ती मरेस्तोवर आजीनं तिच्या हातचं पानी पिलं न्हाई. शेजारी घर, तरी आजी तिच्या मातीला गेली न्हाई."

चाचांनी कार्ड खाली ठेवलं. भिंतीला धरून उठले आणि आतल्या खोलीत गेले.

आत कपाट उघडल्याचा आवाज आला. मग नळाचा. मग कितीतरी वेळ काहीच नाही. म्हाताऱ्याला बरं नाही की काय, म्हणून पुजा दोनदा दारापर्यंत जाऊन आली. दोनची गाडी गेली.

अर्ध्या तासाने चाचा बाहेर आले. हातात टीपकागद, त्यावर पालथा पडलेला कागदाचा ओला तुकडा. तेवढ्यात फोन वाजला. पुजाने उचलून स्पीकरवर टाकला.

"काय म्हनले गं ते?" आजी ओरडली. "काहून उचलत न्हाईस?"

चाचांनी चिमट्याने तुकडा उचलला आणि कार्डाच्या भोकात ठेवला. चारही कडा बराबर बसल्या. तुटलेली ओळ जुळली.

"आदिलाबाद," त्यांनी वाचलं.

"आजी!" पुजा किंचाळली. "गाव सापडलं! आदिलाबाद! कापलेला तुकडा सापडला गं!"

पलीकडे म्हातारी रडायलाच लागली. रडता रडता मध्येच थांबली.

"तुकडा? कुठं व्हता? मिरीच्या पेटीत ना? मी म्हनतच व्हते!"

पुजाने चाचांकडे पाहिलं. चाचांनी तुकडा उलटा केला. तपकिरी चारमिनार वर आला.

"माझ्या वहीत होता, बाई," ते फोनकडे वाकून म्हणाले. "पहिल्या पानावर."